रुमालाखाली

मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघायचा
तेव्हा सम्मेद सहा वर्षांचा,
पोत्यांच्या थप्पीवर बसून पाय हलवणारा,
नखांच्या मुळापर्यंत पिवळा.
खाली अण्णा आणि समोर खरेदीदार,
दोघांच्या हातांवर एकच रुमाल.
आत बोटं बोलायची,
वर दोन्ही चेहरे रविवारच्या दुकानासारखे.

घरी येऊन मला सांगायचा,
"ताई, त्या शेठनं थुंकी गिळली ना,
तवाच त्यानं दोन बोटं वाढवली."
अण्णा हसले नाहीत.
रुमालाची दोनदा घडी घालून
त्यांनी तो आतल्या खिशात ठेवला.

पुढं इंजिनिअरिंग, तिसऱ्या वर्षाला राहिलेले तीन विषय,
आणि रात्री दोनला खालच्या खोलीत
मोबाईलचा निळा उजेड.
आई बस्तीतून आली ती गप्पच आली.
महाराजांनी त्या दिवशी सात व्यसनं सांगितलेली.
पहिलंच नाव जुगार.
वाढताना तिचा हात कधी आखडला नाही,
पण अकरा महिने ती त्याच्याशी बोलली नाही.

मी त्याची वही चोरून वाचली.
वाटलं होतं, उधारीची नावं असतील.
निघाले अपूर्णांक. पानंच्या पानं अपूर्णांक,
आणि मध्येच एक ओळ:
"इथं घाबरलो. पत्ते चांगले होते."

"दहातले आठ डाव टाकून द्यायचे असतात," म्हणाला,
"लोकांना तेवढंच जमत नाही."
मी तोवर दोन स्थळं आणि कुपवाडची एक नोकरी
टाकून दिली होती.
मला कुणी चॅम्पियन म्हटलं नाही.

मग रात्रीची पणजीची गाडी.
मांडवीवरच्या बोटीत चार दिवस,
खिडकी नसलेल्या हॉलमध्ये चौदा चौदा तास,
समोर काळ्या चष्म्याचा दिल्लीवाला.
शेवटच्या पानाला रिव्हर म्हणतात, त्यानं फोनवर सांगितलं.
म्हटलं, नदी आम्हाला शिकवतोस?
कृष्णा हरिपूरच्या पेवांत शिरली त्या साली
अण्णांची दीडशे पोती जमिनीखाली कुजली.
भाव चढेल म्हणून झाकून ठेवलेली.
घरात त्याला कुणी जुगार म्हटलं नव्हतं.

जिंकला. तेविसाव्या वर्षी.
पेपरात आलं: "सांगलीच्या युवकाचे ब्रिज स्पर्धेत यश."
आईनं कात्रण कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं.
चूक कुणीच दुरुस्त केली नाही.

नंतर एका रात्रीत ॲपच बंद पडलं.
तो व्हिएतनामला गेला, मकावला गेला,
बॅगेत आईनं केलेलं भडंग, लसूण जास्त घातलेलं.
हरला तर सांगायचा नाही.
जिंकला तरी नाही.
भडंग संपलं की फोन यायचा.

गेल्या दिवाळीला आला.
सव्विसाव्या वर्षी कानशिलावर चार केस पांढरे,
आणि जेवताना पाठ भिंतीला लावून बसायची सवय.
यार्डात आता बोली स्क्रीनवर दिसते,
अण्णांच्या हातांना काम उरलेलं नाही.
जेवणं झाली. ते उठले,
कपाट उघडल्याचा आवाज आला,
आणि झोपाळ्यावर बसून त्यांनी
उजव्या हातावर तो जुना रुमाल पसरला.
पिवळेपणा अजून गेला नव्हता त्याचा.

विचारलं काहीच नाही.
सम्मेद शेजारी बसला. त्याचा हात आत गेला.

कापड एकदा हललं. थांबलं.
परत हललं, या वेळी बराच वेळ.
किती, ते मला ठाऊक नाही. कमावलेलं की गमावलेलं, तेही नाही.
दोन्ही चेहऱ्यांवर कुलपं.
आई आतून विचारत होती, कुणाला चहा, कुणाला दूध,
आणि कुणी उत्तर देत नव्हतं.

मी मात्र गळ्यांकडे बघत होते.
दोघांपैकी एकानं थुंकी गिळली.

कुणी, ते सांगणार नाही.
मीही त्याच घरातली आहे.